खुशीची शाळा

संपादकांनी दिवाळीच्या अंकासाठी लेख मागितला तेव्हा बजावून सांगितलं, "गोविंदराव, रेल्वेतल्या गमती लिहा. रडगाणं नको." गमतींना तोटा नाही. मी तारमास्तर होतो. कडकट्ट करणाऱ्या यंत्रापुढे बसून माझी सगळी उमेदीची वर्षं गेली, आणि खिडकीपलीकडे रोज नवा माणूस उभा असायचा. एक गृहस्थ काका वारल्याची तार घेऊन आले आणि खिडकीत डोकं घालून हळूच म्हणाले, "जरा सावकाश पाठवा हो. तिकडे म्हातारी आहे, तिला एकदम धक्का नको." मी म्हटलं, बरं, सावकाश पाठवतो. दुसरे एक गवताचे व्यापारी होते. त्यांच्या भावाची आलेली तार मी कागदावर उतरवून त्यांच्या हातात दिली, तर ती परत करून म्हणाले, "हे अक्षर आमच्या बंधूंचं नाही." अक्षर माझंच होतं. ते त्यांना पटवण्यात अर्धी दुपार गेली, आणि पटल्यावरही ते बंधूंना पत्र टाकून खात्री करून घेणारच होते.

या गमती मी घरी नातवंडांना सांगतो. इथे मात्र मला दुसरीच हकीकत सांगायची आहे, आणि ती सांगायचं मी फार दिवसांपासून ठरवून ठेवलं आहे. माणूस आपल्या खुशीने धन्याच्या आवारात काम शिकायला थांबला, तर ती वेळ कोणाची? त्याची की धन्याची? ओसरीवर सुपारी कातरत या प्रश्नावर वाद घालायला मजा येत असेल. मी हा वाद एका माणसाच्या उजव्या हातावरून घातलेला आहे, त्यामुळे मला ती मजा कधी आली नाही.

स्टेशनचं नाव सांगत नाही. ठाणे आणि कल्याण यांच्या मधलं एक, एवढंच. जुने लोक ओळखतील, त्यांनी ओळखून गप्प बसावं. खाडीच्या अंगाला मालाच्या डब्यांसाठी वेगळे रूळ टाकलेले होते, त्यांना आम्ही सायडिंग म्हणायचो. तिथून मीठ जायचं, भात जायचं, गवताचे गठ्ठे जायचे. डोंबिवलीला तेव्हा शेतंच शेतं होती, आणि आसपासच्या गावांतले शेती करणारे, मिठागरांत राबणारे आगरी लोक आमच्याकडे खलाशी म्हणून लागायचे. खलाशी म्हणजे रेल्वेतला सगळ्यांत खालचा माणूस. डबा ढकल म्हटलं की ढकलायचा, कंदिलात तेल घाल म्हटलं की घालायचं. त्याच्या वरचा सांधेवाला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळवायची तर जिथे रूळ फुटतात तिथे दोन हलणाऱ्या पट्ट्या असतात. त्याला म्हणायचं सांधा. बाजूला कमरेइतका लोखंडी दांडा आणि त्या दांड्याला एक जबर वजन. दांडा इकडून तिकडे टाकला की पट्ट्या सरकतात, वजन त्यांना दाबून धरतं, आणि वर एक खीळ घालायची म्हणजे दांडा उलटत नाही. हे झालं की सांधेवाला इंजिनवाल्याला झेंडी दाखवतो आणि मग डबे हलतात. ऐकायला सोपं आहे. पण सांधा अर्धा राहिला तर डबे रुळावरून उतरतात, म्हणून सांधेवाल्याला पगार जास्त, मान जास्त, आणि राहायला खोली. गावात त्याला लोक हाक मारतानासुद्धा जरा आवाज खाली आणायचे.

खलाशाला सांधेवाला व्हायचं तर साहेबापुढे तोंडी परीक्षा द्यावी लागे. नियमांचं पुस्तक इंग्रजी, आणि खलाशांना मराठी अक्षरओळखही नव्हती. तेव्हा आमचे स्टेशनमास्तर सोराबजी यांनी मला बोलावलं. सोराबजी पारशी, अंगाने भरलेले, स्वभावाने गरीब आणि वरच्या साहेबांना भयंकर घाबरणारे. म्हणाले, "गोविंदराव, तुम्ही बावा वाचलेला मानूस. दिवसाची पाळी सुटली का जरा या लोकांना शिकवा. ज्याला खुशी हाय तो येल. कोनावर जबरी नाय."

मी होकार दिला. मला शिकवायची हौस होतीच. पार्सलच्या कोठीमागे फरशी होती, तिच्यावर मी बांबूच्या कामट्यांचे रूळ मांडले, सुताराकडून लाकडाचा छोटा सांधा करून घेतला आणि काड्यापेट्यांचे डबे केले. पुढ्यात खलाशी मांडी घालून बसायचे आणि मी त्यांना एकेक नियम मराठीत करून सांगायचो. ही शाळा झकास चालली. तिला नाव पडलं खुशीची शाळा. मला या शाळेचा एक पैसा मिळत नव्हता आणि मी तो मागितलाही नाही. शिकणाऱ्यांनाही मिळत नव्हता. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही वाटत नाही. कामट्यांवरून काड्यापेटी गेली तर कंपनीचं काही इकडचं तिकडे होत नव्हतं. शिकणारा शिकत होता, आपल्या भल्यासाठी.

या शाळेत सगळ्यांत पुढे बसायचा तो भिवा म्हात्रे. डोंबिवलीपलीकडच्या एका गावातला, सडसडीत, बोलका, आणि शंका काढण्यात एक नंबर. "मास्तर, झेंडी दावली नि मंग दिसला का सांधा अर्धा हाय, तं काय करायचा?" असा प्रश्न टाकून तो माझ्याकडे टक लावून बघायचा. त्याची बायको चांगुणा कोलशेतची. तिचं माहेर मिठागरात राबणारं, आणि तिने नवऱ्याला लग्नातच सांगितलं होतं म्हणे, का मिठात पाय घालून राहणार असशील तर मी नांदायची नाही. सांधेवाल्याची खोली पक्क्या भिंतींची होती. भिवाला ती खोली हवी होती आणि चांगुणाला त्याच्याहून जास्त हवी होती.

पावसाळा सरला आणि माल वाढला. एके संध्याकाळी सोराबजी कोठीमागे आले, काड्यापेट्यांचा खेळ बघून खूश झाले आणि म्हणाले, "आता यांना खऱ्या सांध्यावर न्या ना. फरशीवर बसून पोहायला कोन शिकला?" म्हणणं बरोबर होतं. सायडिंगच्या टोकाच्या सांध्यावर तेव्हा सदू पवार असायचा. सदू महाडकडचा, मुका म्हणावा इतका कमी बोलणारा, पण कामाला चोख. त्याच्या हाताखाली माझे विद्यार्थी आळीपाळीने दांडा टाकू लागले.

आता आमच्या स्टेशनवरची एक रीत सांगितली पाहिजे. ती पुस्तकात नव्हती, कोणा जुन्या सांधेवाल्याने पाडली होती. पाळी बदलताना जाणारा येणाऱ्याच्या हातात झेंडी द्यायचा आणि म्हणायचा, "झेंडी तुझी." घेणारा मोठ्याने म्हणायचा, "झेंडी माझी." हे शब्द झाल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही. त्यानंतर त्या सांध्यावर जे होईल त्याचा जबाबदार झेंडीवाला. आजारी असो, कोणी बोलवायला येवो, घर पेटो, झेंडी दुसऱ्याने माझी म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आमची माणसं देवाची शपथ मोडतील, पण हे शब्द मोडायची नाहीत.

आणि घडलं ते या रीतीमुळेच. सदूला दिवसभर जेवायला उसंत मिळत नसे. भिवा सांध्यावर तयार झालेला पाहिल्यावर एक दिवस सदू सोराबजींना म्हणाला, शाळा असते तेवढ्यात भाकरी खाऊन येऊ का? सोराबजी म्हणाले, जा. दुसऱ्या दिवशीही जा. मग ते रोजचंच झालं. शाळा आली की सदू भिवाला म्हणायचा, "झेंडी तुझी," भिवा अभिमानाने ओरडायचा, "झेंडी माझी," आणि सदू घराकडे चालू लागायचा. मी तिथे उभा असायचो, इंजिनवाला इंजिनावर असायचा, आणि कंपनीचे मिठाचे, भाताचे खरेखुरे डबे एक खलाशी खुशीखातर इकडून तिकडे लावत असायचा. पाळी संपलेला, हजेरीपटावर सुटी झालेला खलाशी. आम्हां सगळ्यांना त्यात कौतुकच वाटत होतं.

त्या संध्याकाळी मिठाचे डबे लावायचे होते. भिवाने दांडा टाकला, खीळ घातली, झेंडी दाखवली. मी शिकवलं होतं, शेवटचा डबा जाईपर्यंत दांड्यावरचा हात काढायचा नाही. त्याने काढला नाही. डब्यांच्या वजनाने सांधा हादरला, खीळ उडाली, आणि दांडा त्या जबर वजनासकट उलटला. भिवाचा उजवा हात वजन आणि लोखंडी खुंट यांच्यामध्ये सापडला. त्या वेळचा त्याचा आवाज मी लिहू शकत नाही. लिहिला तरी वाचणाऱ्याला तो ऐकू येणार नाही, आणि न आलेलाच बरा.

पुढच्या गाडीने त्याला ठाण्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी जीव वाचवला, हाताचा पंजा वाचला नाही. सदू धावत आला होता, त्याच्या तोंडात घास तसाच होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून कळलं, की त्या सांध्याच्या खिळीचं भोक झिजून मोठं झालं होतं. सदू ते ओळखून होता. तो डबे जाईपर्यंत दांड्याच्या बुडाशी टाच रोवून उभा राहायचा. इतकी वर्षं टाच दिली होती की टाच देतो हेच तो विसरून गेला होता. ते कोणाला तरी सांगावं हे त्याला सुचलंच नव्हतं.

मग चौकशी लागली. चौकशीला मुंबईहून मोठे साहेब येणार होते. प्रश्न एकच होता, भिवा म्हात्रे अपघाताच्या वेळी कामावर होता का? होता, तर कंपनीने त्याला काही द्यायला हवं, आणि दुसरं हलकं काम तरी द्यायला हवं. नव्हता, तर तो विनाकारण रुळांवर आलेला परका माणूस. परक्याला भरपाई नाही, उलट नोकरीवरून काढून टाकायचं, कारण एका हाताचा खलाशी कोणाला हवा?

सोराबजी माझ्या खोलीत येऊन बसले. टोपी काढून हातात फिरवत होते. "गोविंदराव, मी काय खोटा बोलायला सांगत नाय. साहेब विचारल, शाळा खुशीची होती का? तुम्ही सांगा, होती. बस. शाळेत पोरगा पडला तर मास्तर पगार देतो काय?"

मी म्हटलं, "खुशीची होती हे मी सांगेन. ते खरंच आहे. पण पुढचं विचारलं तर पुढचंही सांगेन."

"पुढचा कोन विचारतो?" सोराबजी म्हणाले आणि उठून गेले.

पुढचं कोणी विचारणार नाही हे मलाही दिसत होतं. दुपारी सदू आला. उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मास्तर, माझं नाव आलं का माझी नोकरी गेली. घरी खाणारी तोंडं हायत." मला त्याची कणव आली. पण मी ठाण्याला जाऊन भिवाला बघून आलो होतो. त्या फडक्यात गुंडाळलेल्या हाताकडे बघत तो मला म्हणाला होता, "मास्तर, मी खुशीनं आयलू. पन हात काय मी खुशीनं दिला?" या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हतो. सदूला म्हटलं, "मी खोटं बोलणार नाही. तूही बोलू नकोस. तुला जायची परवानगी दिली होती हे मी सांगेन." तो मान हलवून निघून गेला. हलवलेल्या मानेचा अर्थ हो होता की नाही, ते मला कळलं नाही.

चौकशी सोराबजींच्या खोलीत झाली. साहेब गोरे, तरुण, घाईत. भिवाला दाराशी उभं केलं होतं, हात गळ्यात बांधलेला. चांगुणा बाहेर फलाटावर बसली होती. साहेबांनी हजेरीपट पाहिला, भिवाची पाळी संपली होती. मला विचारलं, "वर्ग ऐच्छिक होता?"

"हो साहेब, ऐच्छिक."

"येण्याचा हुकूम कोणालाही नव्हता?"

"नव्हता."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. काम संपलं होतं. सोराबजींनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मी बसलो नाही.

"साहेब, माझी एक अडचण आहे," मी म्हटलं. माझं इंग्रजी चांगलं होतं. "त्या वेळी सायडिंगवर मिठाचे डबे हलले. ते सांध्यावरच्या माणसाने झेंडी दाखवल्यावरच हलतात. भिवा कामावर नव्हता असं आपण लिहिलंत, तर त्या वेळी सांध्यावर कामावर कोणीच नव्हतं असं होतं. मग कंपनीची गाडी सांधेवाल्याशिवाय हलली. हा गुन्हा मोठा आहे. तो कोणाच्या नावावर लिहायचा?"

साहेबांनी सोराबजींकडे पाहिलं. सोराबजींनी सदूकडे पाहिलं.

"सांधेवाला हा होता ना?" साहेब म्हणाले.

मी सदूला मराठीत विचारलं, "सदू, साहेब विचारताहेत. सांध्यावर त्या वेळी कोण होतं? झेंडी कोणाची होती?"

साधा प्रश्न. झेंडी माझी, म्हटलं असतं तर अपघात त्याच्या गळ्यात पडत होता. झेंडी भिवाची, म्हटलं तर खलाशाच्या हवाली सांधा करून जेवायला गेल्याचा कबुलीजबाब. नाही आठवत, एवढं म्हणाला असता तर सुटलाही असता. सदू आधी भिवाच्या गळ्यातल्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "झेंडी भिवाची होती. मी दिली. त्यानं घेतली. रोज देत होतो."

मी ते इंग्रजीत सांगितलं आणि आमच्या रीतीचा अर्थही सांगितला. सदूला जायची परवानगी होती हे सांगणार, एवढ्यात सोराबजी उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हे सगळं नाकारणार. ते साहेबांना म्हणाले, "सर, मॅन हॅड माय परमिशन." बसताना त्यांचा हात टेबलाला लागून दौत कलंडली आणि शाई पुसण्यात सगळ्यांचा जरा वेळ गेला. साहेबांना इतकं घाबरणारा तो माणूस, पण त्या दिवशी घाबरत घाबरत खरं बोलला. मी त्यांच्याबद्दल पुढे कधी वाईट शब्द काढला नाही आणि कोणाला काढूही दिला नाही.

निकाल महिना संपायच्या आत आला. भिवाला फाटकवाला म्हणून नेमावं आणि काही रक्कम द्यावी. सदूला काही काळ खलाशी म्हणून उतरवावं. सोराबजींना ताकीद. पण भिवाच्या निकालात एक वाक्य होतं. हे सर्व कंपनी मेहेरबानी म्हणून करत आहे, कारण सदर इसम त्या वेळी कामावर नव्हता. त्याखाली भिवाने अंगठा उठवायचा.

मला संताप आला. मी भिवाला म्हटलं, "उठवू नकोस. आपण वर अर्ज करू. तू कामावर होतास, हे त्यांच्याकडून लिहून घेऊ."

भिवा माझं ऐकून थांबलाही असता. चांगुणा मध्ये पडली. ती माझ्याशी कधी समोर उभी राहून बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. "मास्तर, तुमी मोठी मानसा. अर्जाला तुमचे कागद लागतील, आमचा दाना लागंल. फाटकाला खोली हाय. त्याला अंगठा लावू द्या." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "डाव्या हाताचा लाव."

भिवाने डाव्या हाताचा अंगठा लावला. ती म्हणाली ते बरोबरच होतं. मी मात्र अजून त्या कागदावर चिडलेला आहे.

सोराबजींनी महिनाभराने मला विचारलं, शाळा कधी सुरू करता? मी म्हटलं, फरशीवर उद्यापासून करतो, पैसे नकोत, कोणी हजेरी मांडू नका, ती खुशीची. पण खऱ्या सांध्यावर माझा एकही विद्यार्थी हात लावणार नाही, हजेरीपटावर त्याचं नाव आणि वेळ चढल्याशिवाय. शिकत असला तरी. डबा कंपनीचा हलला की वेळही कंपनीची. सोराबजी म्हणाले, वरून मंजुरी येणार नाही. मी म्हटलं, मग सांध्यावर शाळा होणार नाही.

आणि झाली नाही. माझ्यावर कोणी रागावलं असेल तर साहेब नव्हे, माझेच विद्यार्थी. फरशीवर कितीही शिकले तरी खऱ्या दांड्याला हात लागल्याशिवाय परीक्षेला पाठवत नसत. एके दिवशी खलाशी घोळक्याने माझ्या दाराशी आले. त्यांच्यातला थोराड होता तो म्हणाला, "मास्तर, आमाला पैसं नको तासाचं. आमी फुकट करतो. तुमचा हट्ट आमच्या पोटावर येतोय."

हे मला फार लागलं. ज्यांच्यासाठी भांडतोय तेच हात जोडून म्हणत होते, भांडू नका. मी त्यांना एवढंच म्हटलं, "तुम्ही फुकट करायला तयार आहात हेच कंपनीला हवं आहे. उद्या तुमच्यातल्या कोणाचा हात गेला तर तो कोणाचा, ते आज ठरवून घ्या. मग मी दुसऱ्या क्षणी सांध्यावर येतो." ते शिव्या न देता गेले, पण मला नमस्कार करायचं बरेच जण विसरू लागले. घरात बायकोनेही विचारलं, की एवढं ताणून काय मिळणार? मी म्हटलं, बघू. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की मी त्या हातांना दांड्यावर ठेवायला शिकवलं आहे, आता ते हात कोणाच्या नावावर आहेत हे विचारल्याशिवाय मी परत शिकवणार नाही.

त्या हंगामात माल आणखी वाढला. सदू उतरवलेला, त्याच्या जागी कळव्याहून उसना आणलेला सांधेवाला सारखा आजारी. परीक्षेला पाठवायला तयार माणूस एकही नाही. डबे सायडिंगला तुंबून राहू लागले आणि मुंबईहून सोराबजींना रोज तार. ती तार घेणारा मीच. मी ती कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचो आणि काहीही न बोलता परत यायचो.

शेवटी एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. "गोविंदराव, मी शाळा-बिळा काय लिहीत नाय. संध्याकाळचा 'जादा खलाशी' असा लिहितो. कामाची वेळ, पगार, सगळा. चालल?"

"नाव आणि वेळ चढेल?"

"चढल."

"मग नाव काहीही लिहा," मी म्हटलं.

वरून असा हुकूम कधीच आला नाही. पुढे बदली होऊन मी ज्या स्टेशनांवर गेलो तिथे मला हे भांडण पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागलं. कुठे जिंकलो, कुठे नाही. कोणी मला हेकट म्हटलं, ते खोटं नव्हे. पण त्या एका स्टेशनवर खऱ्या सांध्यावर शिकणारा माणूस त्यानंतर हजेरीपटावर चढल्याशिवाय दांड्याला शिवला नाही. झिजलेलं भोक भरून नवी खीळही बसली, हे सांगायचं राहिलं. सदूला वर्ष उलटून गेल्यावर त्याची जागा परत मिळाली. तो ती घेताना म्हणाला, "झेंडी माझी," आणि दांड्याकडे वळला.

शिकणाऱ्यांची नावं चढायला लागली त्या पहिल्या संध्याकाळी सोराबजी स्वतः हजेरीपट घेऊन सायडिंगला आले होते. एकेक खलाशी नाव सांगत होता आणि ते लिहीत होते. भिवा फाटकावरून आला. त्याचं फाटक बंद करायची वेळ नव्हती, तो मुद्दाम आला होता. सगळ्यांची नावं लिहून झाली तेव्हा पुढे होऊन म्हणाला, "सायब, माजा बी नाव घाला."

सोराबजी म्हणाले, "अरे, तू फाटकावर हाय. तुजी हजेरी तिकडे लागते."

"आजचा नको," भिवा म्हणाला. "त्या दिसाचा घाला. मी व्हतू ना कामावर?"

सोराबजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या महिन्याचे कागद केव्हाच मुंबईला गेले होते, आणि त्यांच्यावर भिवाचाच अंगठा होता. सोराबजींनी पट मिटला आणि मान खाली घातली. मी भिवाला म्हटलं, मी बघतो. मी वर अर्ज केले. उत्तर आलं नाही. पुन्हा केले. साहेब बदलले, कचेरी बदलली, मी निवृत्त झालो, भिवाही गेला. मी बघतो म्हटलेलं माझं तसंच राहिलं आहे.

कंपनी लिहून देणार नाही. म्हणून मी लिहून देतो, आणि संपादकांना विनंती आहे की यातला एकही शब्द गाळू नये. भिवा म्हात्रे, खलाशी, त्या संध्याकाळी कामावर हजर होता.